मारव्यातला षड्ज आणि तिसऱ्या रांगेतला फोन

मैफलीत कुणाचा तरी फोन वाजतो. आपण मान वळवून त्या दिशेला रागाने बघतो, शेजाऱ्याशी नजरानजर होते, आणि दोन मिनिटांत सगळं विसरून पुन्हा ऐकू लागतो. आपला समज असा की बिघडलं ते आपलं क्षणभराचं ऐकणं. गाणं काय, ते तर चालूच होतं. मला वाटतं, बिघडतं ते गाणंच. त्या रात्री जे गाणं व्हायचं होतं ते होत नाही, दुसरंच होतं. आपल्या ते लक्षातही येत नाही, कारण जे झालंच नाही त्याची उणीव कुणाला कळणार?

मला ते एकदा स्पष्ट दिसलं, म्हणून एवढ्या खात्रीने लिहिते आहे. पुण्याच्या एका उपनगरातलं मध्यम आकाराचं सभागृह. संध्याकाळची वेळ, गायिका ज्येष्ठ, आणि राग मारवा. मारव्यात पंचम (प) नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादाला (नी) लावलेली. हा राग ज्यांनी मन लावून ऐकला आहे त्यांना माहीत आहे की त्यात गवई षड्ज, म्हणजे मूळचा 'सा', हातचा राखून ठेवतो. कोमल रिषभ (रे) आणि शुद्ध धैवत (ध) यांच्यातच फिरत राहतो, षड्जाच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि परत वळतो. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. तानपुरा षड्ज वाजवतो आहे, तो कानात आहे, पण गळ्यातून येत नाही. बाईंनी विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, बारा मात्रांचा एकताल घेतला होता, तालाच्या एका फेरीला, एका आवर्तनाला, पाऊण मिनिट तरी लागत असेल. चार-पाच आवर्तनं त्यांनी षड्जाला नुसता वळसा घातला. पेटीवाले अगदी जपून, मागे-मागे राहून साथ करत होते. तबलजी नुसता ठेका धरून बसले होते, एक बोलही जास्तीचा नाही. सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

आणि तिसऱ्या रांगेत फोन वाजला. कुठल्याशा सिनेमाच्या गाण्याची धून, बाईंच्या पट्टीपासून जेमतेम अर्ध्या सुराने बाजूला. ज्याचा होता त्या गृहस्थांना तो सापडेना. आधी शर्टाचा खिसा, मग पिशवी, मग पिशवीतला चष्म्याचा डबा. सापडल्यावर त्यांनी तो बंद केला नाही. तोंडापुढे हात धरून 'कार्यक्रमात आहे, नंतर करतो' असं सांगितलं. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

बाई काही बोलल्या नाहीत. कपाळाला आठीसुद्धा नाही. पण पुढच्याच आवर्तनात त्या षड्जावर येऊन बसल्या. साधेपणाने, जणू काही राखून ठेवलंच नव्हतं अशा. लोकांनी 'वा' म्हटलं. मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, कारण तो षड्ज त्या वेळचा नव्हता. अजून दोन-तीन आवर्तनं तरी त्यांनी आम्हाला तिष्ठत ठेवलं असतं. नंतर विलंबित लवकर आवरलं, द्रुत, म्हणजे जलद लयीतलं गाणं, आलं, ताना दाणेदार आणि स्वच्छ पडल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेर पडताना लोक म्हणत होते, काय सुंदर गायल्या. सुंदर गायल्याच. पण मारवा तिसऱ्या रांगेपाशी संपला होता.

लिहून ठेवलेल्या संगीतात निदान परत मागे जाण्याची सोय असते. 10 जानेवारी 2012 ला न्यूयॉर्कमध्ये तिथला फिलहार्मॉनिक वाद्यवृंद मालरची नववी सिम्फनी वाजवत होता. शेवटचा भाग, जिथे संगीत हळूहळू विरत जातं. नेमका तेव्हा पुढच्या रांगेत आयफोन वाजू लागला आणि वाजतच राहिला. संचालक ॲलन गिल्बर्ट यांनी अखेर वाद्यवृंद थांबवला, फोन बंद झाल्याची खात्री करून घेतली, आणि थोडं मागचं ठिकाण सांगून तिथून पुन्हा वाजवायला सांगितलं. पुढे कळलं की त्या गृहस्थांचा फोन नवीन होता. त्यांनी तो मुका केला होता, पण गजर लागलेला होता आणि गजर मुका होत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नंतर माफीही मागितली. मला त्यांच्याबद्दल खरोखर वाईट वाटतं.

पण बघा, गिल्बर्टना 'मागचं ठिकाण' होतं. वादकांपुढे कागद होते, त्यावर खुणा होत्या. ख्यालात, आपल्या या रागगायनात, मागचं ठिकाण नसतं. बंदिशीचे दोन-चार ओळींचे शब्द, रागाचा नियम आणि तालाचं चक्र एवढंच हातात घेऊन गवई बसलेला असतो; बाकीचं सगळं त्याला तिथे, आपल्यासमोर, सुचावं लागतं. आणि सुचणं हे समोरच्या माणसांवर अवलंबून असतं. समोर कान आहेत असं जाणवलं की तो धीराने एकेक स्वर उलगडतो. समोर चुळबुळ आहे असं जाणवलं की तो लय वाढवतो, कारण लय वाढवली की लोक जागे होतात, हे त्याला अनुभवाने माहीत असतं. म्हणजे श्रोत्याला सभागृहात काहीच करता येत नसलं, तरी आज काय गायलं जाणार याचा निम्मा निर्णय तोच करत असतो.

गायिका किशोरीताई आमोणकरांच्या संतापाबद्दल लोक अजूनही बोलतात. कुणी बोललं, कुणी मध्येच उठलं, की त्या थांबायच्या, सुनवायच्या. 'फार तापट' अशी त्यांची ख्याती होती आणि ती सांगताना लोक कौतुक आणि तक्रार अशा मिश्र सुरात सांगत. त्यांच्या या वागण्यामागची एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. त्यांच्या आई, मोगूबाई कुर्डीकर, गोव्यातल्या कुर्डी गावच्या. अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या, जयपूर घराण्याच्या मोठ्या गायिका. आईच्या मागे तानपुरा घेऊन बसणाऱ्या किशोरीताईंनी त्या काळात एका गायिकेला कसं वागवलं जातं ते जवळून पाहिलं होतं: प्रवास तिसऱ्या वर्गाचा, उतरायची सोय जेमतेम, मान त्याहून जेमतेम. आपल्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं, आणि ते ठरवल्याचं त्या मुलाखतींमधून उघडपणे सांगत. हे कळल्यापासून त्यांचा राग मला लहरीपणाचा वाटत नाही. श्रोत्यांना गप्प करताना त्या स्वतःच्या गाण्यासाठी जेवढ्या भांडत होत्या, तेवढ्याच आईच्या वतीनेही भांडत होत्या, असं मला वाटतं. आणि त्या भांडणाचा फायदा आज गाणाऱ्या प्रत्येक मुलीला मिळतो आहे.

एक गैरसमज इथेच दूर करते. शांत बसणं ही पाश्चात्त्यांची रीत आहे, आपल्याकडे मोकळेपणा असतो, असं सांगून गोंधळाचं समर्थन करणारे बरेच भेटतात. पाश्चात्त्यांकडेही ही शांतता जुनी नाही. 1778 च्या जुलैत मोझार्टने पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं. त्याची नवी सिम्फनी वाजत असताना एका जागेवर लोक आनंदाने टाळ्या वाजवू लागले, आणि अशी दाद येणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं, असं त्यात आहे. वाजवणं चालू असताना आलेली दाद. आणि तो तक्रार करत नाही, खूश होतो! दोन भागांच्या मधे टाळी वाजली तरी भुवया उंचावणारी प्रथा नंतर, एकोणिसाव्या शतकात हळूहळू रुजली. त्यामुळे मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनीच्या दोन भागांमध्ये कुणी नवखा टाळ्या वाजवतो आणि आजूबाजूचे त्याच्याकडे तुच्छतेने बघतात, तेव्हा माझी सहानुभूती टाळी वाजवणाऱ्याला असते. त्याला आवडलं आहे. त्याचा गुन्हा एवढाच की त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि आपल्याकडे काय, जो तो हवं तसं वागत होता? मुळीच नाही. आपली बैठक बोलकी होती, पण त्या बोलण्याला वेळ होती. दाद समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. एखादी जागा, म्हणजे सुरांचं एखादं खास वळण, गवयाने घेतली, ती पूर्ण झाली, श्वास घेतला, त्या श्वासात 'क्या बात है' बसतं. त्याच्या आधी अर्धा क्षण आलं तर ते जागेवर पाय देतं, अर्धा क्षण नंतर आलं तर पुढच्या सुरावर पडतं. जुने श्रोते हे इतकं अचूक करत की तो आवाज त्या गाण्याचाच भाग वाटे. त्यांची नुसती मान हलली तरी गवयाला कळत असे की अमुक जागा पोचली. मला मुकं सभागृह नको आहे. मुक्या सभागृहात आपला गवई घुसमटतो. मला वेळेवर आलेली दाद हवी आहे, आणि ती येण्यासाठी ऐकत असावं लागतं. दुसरी युक्ती नाही.

ऐकत नसणारी दादही असते, आणि ती फोनपेक्षा वाईट. जागा सुरू होते न होते तोच जोरात 'वाहवा'. मी ओळखलं हे सगळ्यांना कळावं म्हणून. शेजारणीला 'हा पूरिया ना?' असं विचारणं, आणि तिने 'मारवा' म्हटल्यावर पुढची पाच मिनिटं दोघांत काय फरक ते समजावून घेणं. अंगठीने खुर्चीच्या दांड्यावर ताल धरणं, तोही किंचित पुढे पळणारा. विलंबित चालू असताना मागून 'अभंग होऊ द्या!' अशी फर्माईश. तबल्याने तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा, घेतली रे घेतली की टाळ्या, मग ती समेवर आली की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. या टाळ्यांनी खूप नुकसान केलं आहे. तरुण वादकांना टाळी कशाला मिळते ते चटकन कळतं, आणि मग ते तेच वाजवतात. सवाल-जवाब लांबतात, आलाप आखडतो.

1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमातला प्रसंग पुष्कळांना माहीत असेल. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं जुळवली, साथीला अल्लारखाँ. सूर लावणं संपलं आणि लोकांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. रविशंकर शांतपणे म्हणाले, सूर जुळवणं तुम्हाला एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. हा प्रसंग आपण परक्यांची फजिती म्हणून सांगतो आणि हसतो. मी त्यात दुसरं बघते. त्याच वेळी त्यांनी त्या हजारो तरुणांना, वाजवणं सुरू असताना सिगारेट ओढू नका, अशी विनंतीही केली होती. ज्या पिढीला कुणाचंच ऐकायचं नव्हतं तिला त्यांनी कसं ऐकायचं ते सांगितलं. आणि ते लोक ऐकायला बसले.

प्रत्येक संगीताची आपापली रीत असते, हे मान्यच आहे. लावणीला शिट्टी नको म्हणणारा माणूस लावणीचा शत्रू. कीर्तनात बुवांच्या मागोमाग गजर उचलला नाही तर कीर्तन उभंच राहत नाही. बालगंधर्वांच्या काळी 'वन्समोअर'च्या मागण्यांनी नाटक पहाटेपर्यंत लांबायचं आणि कुणाला त्यात गैर वाटायचं नाही. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तिथे सगळ्या मैदानाने एकत्र गाणं हाच तर कार्यक्रम. आणि तरीही, एका गाण्यापुरते फोन खिशात ठेवा, ही विनंती त्या मंडळींच्या कार्यक्रमांचा ठरलेला भाग आहे. ज्यांचं दुकान फोनवरच्या चित्रफितींवर चालतं असं आपण समजतो, त्यांनासुद्धा समोर चेहरे हवे असतात.

फोनवर चित्रण करणाऱ्यांचा मुद्दा म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. अंधारात पेटलेला पडदा मागच्या चार रांगांना दिसतो हे एक झालंच. पण गाणाऱ्यालाही दिसतो. नवी जागा घेऊन बघावी, चुकली तर चुकली, असं धाडस गवई बैठकीत करतो, कारण चुकलं तरी ते त्या रात्रीपुरतं असतं. समोर वीस पडदे पेटलेले असले की प्रत्येक जागा कायमची होते. मग माणूस जपून गातो, पाठ असलेलं गातो. गायिका केसरबाई केरकर आपल्या ध्वनिमुद्रणांबाबत किती काटेकोर होत्या हे प्रसिद्ध आहे. 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली त्यांची भैरवी मूठभर तबकड्यांपैकी एका तबकडीवरची. आपलं काय जपलं जावं हे ठरवण्याचा हक्क गाणाऱ्याचा आहे, असं त्या मानत असाव्यात. आपण तो हक्क न विचारता काढून घेतला आहे.

माझं लहानपण मिरजेत गेलं. तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी उरुसात गाणं होतं. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. सतार बनवणारे कारागीर, दर्शनाला आलेली मंडळी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळे. लोक येतात-जातात, हे खरं. पण चिंचेच्या झाडाखाली गवयाने 'सा' लावला की जवळ बसलेल्यांमध्ये एक आपोआपची शिस्त येते. उठायचं असलेला माणूस सम येऊ देतो, मग वाकून, कडेकडेने जातो. हे त्याला कुणी शिकवलं? माझी आत्या मला शेजारी बसवून माझ्या तळहातावर बोटाने मात्रा मोजायची. बारा झाल्या की चिमटा. बोलायचं असेल तर चिमट्यानंतर. आठ वर्षांच्या मुलीला एवढं पुरलं. एकताल मी शाळेत किंवा क्लासात शिकले नाही, तो त्या चिमट्यांनी शिकले, आणि गप्प बसणं त्याच्याबरोबर फुकट मिळालं.

म्हणून महाग तिकीट घेणारा श्रोता अधिक सभ्य असतो, ही समजूत मला पटत नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि गाणं दरबारातून बाहेर काढलं, हे त्यांचे फार मोठे उपकार. ऐकण्यासाठी राजा असावं लागत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. पण पुढच्या सोफ्यांवर बसणाऱ्या काहींना तिकिटाबरोबर दरबारही विकत मिळाला असं वाटतं. उशिरा यायचं, चार जणांशी हात मिळवत यायचं, गवयाला नजरेने ओळख द्यायची, आणि एक फोटो झाला की जायचं.

आयोजकांबद्दलही बोललंच पाहिजे. निवेदक 'कृपया मोबाइल बंद ठेवावेत' म्हणतो आणि त्यानंतर दीपप्रज्वलन, प्रायोजकांचा सत्कार, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि मुख्य पाहुण्यांचे 'दोन शब्द' सुरू होतात. अर्धा तास. लोक फोन काढणार नाहीत तर काय करतील? ग्रीनरूममध्ये लावून आणलेले तानपुरे तोवर प्रकाशझोतांच्या उष्णतेने उतरलेले असतात. मग गवई सूर लावायला पाच मिनिटं घेतो आणि तीच मंडळी घड्याळ बघतात. पाहुणे उशिरा आले तर चालू गाणं थांबवून त्यांचा सत्कार केलेलाही मी पाहिला आहे. ज्या व्यासपीठावर यजमानच गाणं थांबवतात, तिथे तिसऱ्या रांगेतल्या फोनवाल्याला कुणी काय बोलावं?

वेळेचाही एक प्रश्न आहे. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आणणारे नियम 2000 साली आले आणि रात्रभराच्या मैफली गेल्या. नियम चांगले आहेत, आजारी माणसाच्या झोपेपेक्षा माझा दरबारी राग मोठा नाही. पण 1953 पासून पुण्यात चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या जुन्या रात्री ज्यांनी पाहिल्या ते सांगतात की तेव्हा घाई नावाची गोष्ट मंडपात नसे. सतरंजीवर मूल झोपलं आहे, कुणी शालीत डुलकी घेतो आहे, कुणी वडा खाऊन परत येऊन बसला आहे, आणि गवयापुढे अख्खी रात्र आहे. आता कलाकाराला तास-सव्वा तास मिळतो. उशिरा आलेल्या माणसाचं त्यात अर्धं विलंबित जातं आणि तो जागा शोधताना बाकीच्यांचंही जातं.

त्याच महोत्सवाची एक रीत मला फार आवडते. शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातली जुनी भैरवी लावतात. व्यासपीठावर तेव्हा कुणी नसतं. रागावणारं कुणी नाही, आपल्याला बघणारंही कुणी नाही. तरी लोक थांबतात, एका खरखरीत मुद्रणापुढे. एरवी भैरवीचा पहिला सूर लागला की चपला शोधणारे आणि गाडी काढायला पळणारे हेच आपण. म्हणजे येतं आपल्याला. नेहमी करत नाही, एवढंच.

तेव्हा आयोजकांकडे माझी एकच मागणी आहे, आणि ती अवघड नाही. गाणं सुरू झालं की दारं लावा. दोन कलाकारांच्या मधे किंवा विलंबित संपल्यावर उघडा. नाटकवाल्यांना हे जमतं, एनसीपीएला जमतं, मग आपल्या सभागृहांना का जमू नये? दारावर उभ्या असलेल्या स्वयंसेवक मुलांना तसं सांगून ठेवा, आणि एखादे बडे गृहस्थ त्या मुलावर डाफरले तर समितीतल्या कुणीतरी जाऊन मुलाच्या बाजूने उभं राहा. पुढच्या हंगामात लकडी पुलावरच्या गर्दीत अडकून मला उशीर झाला, तर त्या मुलाने मलाही थांबवावं. मी बाहेर उभी राहीन. दाराच्या फटीतून जेवढा तानपुरा ऐकू येईल तेवढा ऐकेन.